हमुराबीचा खेळ आणि आपली गोदावरी
जायकवाडीला पाणी सोडायचा वाद पेटला की मला 'हमुराबी' हा जुना कॉम्प्युटर गेम आठवतो. १९६८ साली डग डायमेंट यांनी लिहिलेला. चित्र एकही नाही, नुसते आकडे. राजा तुम्ही! १०० माणसं, १००० एकर, २८०० मापं धान्य. माणशी वर्षाला २० मापं खायला, उरलेलं पेरायला. उंदीर खातात ते वेगळंच. पुढे १९७३च्या बेसिक आवृत्तीत एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त प्रजा उपाशी मेली की राजाची हकालपट्टी. (आपल्याकडे पाच वर्षं थांबावं लागतं.)
पण या खेळात नदी नाही, म्हणून खालच्या अंगाला शेजारीही नाही. आपलं तिथेच अडतं. २००५च्या कायद्याने समन्यायी वाटप आणलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. मी नाशिककर, द्राक्षबागा मलाही दिसतात. तरी म्हणतो, खालच्यांच्या पिण्यापुरती मापं आधी बाजूला काढा, मग आपण भांडू.