कडू घास

राजगडाच्या पायथ्याशी, पाल खुर्द या गावी, महाराणी सईबाईंची समाधी आहे. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे देहावसान झाले, तेव्हा बाळ संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. आईच्या आजारपणात या बाळाला दूध पाजले ते भोरजवळच्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी. इतिहास लढायांच्या तारखा ठळक अक्षरांत लिहितो. दुःखाने ग्रासलेल्या घरात कोणी कोणाला भरवले, हे क्वचितच नोंदवतो. धाराऊंचे नाव टिकले, हे आपले भाग्य.

भोर-वेल्ह्याच्या या मावळपट्ट्यात, आणि तसे पाहिले तर महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत, मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीतील व सोयऱ्यांकडील माणसे पिठले-भाकरी घेऊन येतात आणि स्मशानातून परतलेल्यांना आग्रहाने दोन घास खायला लावतात. यालाच ‘कडू घास’ म्हणतात. घास अन्नाने कडू नसतो, प्रसंगाने कडू असतो. दहाव्याचे पिंडदान, तेराव्याचे गोडजेवण हे विधी सर्वांना ठाऊक आहेत. परंतु या साऱ्याचा आरंभ शेजाऱ्याने आणलेल्या भाकरीने होतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

हीच भाकरी पवित्र शास्त्रातही आढळते. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात (१६:७) शोक करणाऱ्यांसाठी मोडलेल्या भाकरीचा आणि सांत्वनाच्या प्याल्याचा उल्लेख आहे. यहुदी घरात दफनानंतरचे पहिले जेवण आजही शेजाऱ्यांनीच आणायचे असते. त्यात बहुधा अंडी किंवा मसूर असतात. त्यांचा गोल आकार जीवनाच्या फिरत्या चाकाची आठवण देतो. पुढे सात दिवस घरचे लोक जमिनीलगत बसतात, कामधंदा बंद ठेवतात, आणि लोक त्यांच्याकडे येतात.

हे यहुदी आपल्याला परके नाहीत. जुन्या भोर संस्थानाचा सुधागड तालुका घाटाखाली कोकणात होता. त्याच मुलखात, रोहा, पेण, अलिबागच्या गावांतून, बेने इस्राएल समाज शतकानुशतके तेल गाळून राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज चौलच्या समुद्रात फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्यावर आणलेली प्रेते त्यांनी नवगाव येथे पुरली, पुरुषांची एका जागी आणि स्त्रियांची दुसऱ्या. सारे गमावलेल्या त्या माणसांनी परक्या भूमीवर केलेले जे पहिले कृत्य या समाजाच्या स्मृतीत राहिले, ते मृतांच्या दफनाचे! हिब्रू भाषा पुढे विस्मृतीत गेली, मराठी मायबोली झाली. परंतु शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मागे राहिली ती त्यांची सभास्थाने आणि दफनभूमी.

मृताची सेवा हे यहुदी धर्मात सर्वांत निरपेक्ष पुण्य मानले जाते, कारण मृत मनुष्य उपकार फेडू शकत नाही. प्रेताच्या स्पर्शाने सात दिवस अशुद्धता येते, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. याजकांना तर अधिकच निर्बंध होते. तथापि वाटेत बेवारस प्रेत आढळल्यास खुद्द महायाजकानेही ते पुरले पाहिजे, असे शास्त्रीपंडितांनी ठरविले. दफनाचा खर्च परवडेना म्हणून लोक प्रेत टाकून पळू लागले, तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या वस्त्रात पुरावे असे सांगितले. तेव्हापासून श्रीमंत-गरीब सर्वांना सारखेच कफन मिळू लागले. इस्लाममध्येही कफन असेच साधे असते. आणि जाफर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, अशी पैगंबरांनी आज्ञा केल्याचे हदीस सांगते.

धर्माधर्मांतील भेद पुसून टाकावेत, असे मला सुचवायचे नाही. कोणी देह अग्नीला देतो, कोणी मातीला. आपली आशा प्रभूच्या पुनरुत्थानावर उभी आहे. पण आपण विसरता कामा नये, की प्रभू येशूचे दफनही यहुदी रीतीनेच झाले. आरिमथाईच्या योसेफाने कबर दिली, निकदेमाने गंधरस आणला. लाजरसाच्या मृत्यूनंतर मार्था व मरिया यांच्या सांत्वनासाठी पुष्कळ यहुदी आले होते, हे संत योहान आवर्जून लिहितो. योसेफाने याकोबासाठी सात दिवस शोक केला, इस्राएल लोकांनी मोशेसाठी तीस दिवस. इ. स. ३९५ मध्ये सम्राट थिओडोसियसच्या स्मृतिप्रसंगी संत अँब्रोज यांनी तिसऱ्या, सातव्या, तिसाव्या व चाळिसाव्या दिवसांचा उल्लेख केला. आपली सातव्या दिवसाची मिस्सा व महिन्याची मिस्सा याच जुन्या प्रवाहातून आल्या आहेत.

मिस्सा आपण राखल्या. भाकरीचे काय?

काही दिवसांपूर्वी एका सातव्या दिवसाच्या मिस्सेला मंदिर भरले होते. फुले होती, छापलेली स्मृतिपत्रे होती. नंतर मृताची पत्नी मला हळूच म्हणाली, “फादर, मिस्सेला सगळे आले. जेवायला मात्र मी आठवडाभर एकटीच बसते.” मी निरुत्तर झालो, कारण त्या आठवड्यात मीही त्या घराची पायरी चढलो नव्हतो. विधी यथासांग पार पाडला, एवढ्यावर माझे समाधान होते.

२०२०-२१ च्या महामारीत अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. तेव्हा आपण हळहळलो, की जाणाऱ्याला धड निरोपही देता येत नाही. आता कोणतेही बंधन नाही, तरी शोकाकुल घराचे दार आपण दुरूनच पाहतो; मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या की कर्तव्य संपते.

मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य आहे, असे ख्रिस्तसभा शिकविते. दुःखितांचे सांत्वन करणे हेही तिनेच शिकविलेले दुसरे. ही दोन कृत्ये एकमेकांपासून तोडता येत नाहीत. येत्या नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्ती लावून परतताना, ज्या घरात यंदा एक पान कमी वाढले जाते, तिकडे वळावे. सोबत डबा असावा. आणि थोडा वेळ तेथे बसून, त्यांच्याबरोबर आपणही तो कडू घास खावा.