हा रस्ता कोणाचा?

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवतो. त्यात पत्रलेखन येते. मुले तक्रारपत्र पाठ करतात: अ. ब. क., आदर्श नगर, विषय अमुक, कळावे. सगळे खोटे. गेल्या पावसाळ्यात मात्र खरे पत्र लिहायची वेळ आली.

आमच्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी शिवणकाम करते. चंद्रपूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. खड्डा आणि रस्ता एकाच पाण्याखाली सपाट दिसतात. तिची स्कूटी तशाच एका खड्ड्यात गेली आणि उजवे मनगट मोडले. दोन महिने मशीन बंद. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने आणि त्याच्या मित्रांनी त्या खड्ड्यात दोन विटा आणि पळसाची एक मोठी फांदी खोवून ठेवली, लांबून दिसावी म्हणून. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानचीच एक शाखा, ही हदीस आपल्या मुलांना लहानपणीच सांगितलेली असते. पण खड्डा बाजूला करता येत नाही. तो कोणीतरी भरावा लागतो.

वर्गाने पत्र लिहिले. मायना ठीक, विषय ठीक. ‘प्रति’च्या पुढे मात्र सगळे थांबले. एक मुलगी म्हणाली, “सर, हा रस्ता कोणाचा?” मला सांगता आले नाही. अंदाजाने एका कार्यालयाला पाठवले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या कार्यालयात मी स्वतः गेलो, तर त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवले.

रस्त्यांना असे मालक कधी मिळाले, हे शोधत गेलो तर फार लांब जावे लागले नाही. नागपूरपर्यंतच. डिसेंबर 1943 मध्ये महायुद्ध चालू असताना देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. तो नागपूर योजना म्हणूनच ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते ही उतरंड तिथे पक्की झाली. त्याआधी 1927 मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली होती. (हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) समितीच्या शिफारशीवरून 1929 पासून पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा राहिला. म्हणजे पेट्रोल भरताना रस्त्याचे पैसे देणे ही जवळपास शंभर वर्षांची गोष्ट आहे.

ही विभागणी कागदावर चांगलीच होती. पण आमच्याकडे जमिनीवरची रेघ सतत हलत राहिली. चांद्याची नगरपालिका 1867 ची, महानगरपालिका 2011 ची. जिल्हा मध्य प्रदेशातून 1956 मध्ये मुंबई राज्यात, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा झाला. दर वेळी फायली हलल्या असणार, आणि फायलीबरोबर रस्तेही.

परकोटाच्या वेशींवर गोंड राजांचे हत्तीवर स्वार सिंहाचे चिन्ह आहे. जटपुरा गेटमधून जाताना मला नेहमी वाटते, बांधणाऱ्याने बैलगाडीच्या चाकाचा विचार केला असेल, ट्रकच्या नाही. अमेरिकेत 1958 ते 1960 दरम्यान मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. निष्कर्ष असा की आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याचे नुकसान दुप्पट नाही, साधारण सोळा पट होते. आता इकडे कोळसा आणि तिकडे सुरजागडचे लोहखनिज डोळ्यांसमोर आणा. एटापल्ली-आलापल्लीकडचा माणूस मनगटावर थांबत नाही. त्याला गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचे असते. शिवाय तिथे जंगल आहे. 25 ऑक्टोबर 1980 पासून लागू झालेल्या वनसंवर्धन कायद्यामुळे वनजमिनीवर रस्ता रुंद करायचा तर केंद्राची परवानगी लागते. मी त्या कायद्याच्या विरोधात नाही, जंगल त्यामुळेच उरले. पण खनिजाच्या ट्रकला वाट मिळते आणि एसटीला खड्डे, हे मला पटत नाही.

कोर्टाचे म्हणाल तर न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी 2013 मध्ये मुंबईच्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले. पत्रच! त्याची जनहित याचिका झाली. 2018 मध्ये हायकोर्टाने सांगितले की चांगला रस्ता हा कलम 21 च्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्याने मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख आणि जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. त्या अम्मीला मी हे सांगितले. तिने पहिला प्रश्न तोच विचारला: मागायची कोणाकडे?

तेव्हा माहिती अधिकार आठवला. 2005 च्या या कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे, माहिती दुसऱ्या कार्यालयाची असेल तर अर्ज परत करता येत नाही; पाच दिवसांत तो त्यांनीच पुढे पाठवायचा असतो. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. परीक्षेतल्या उताऱ्यासारखाच. मुलांनी तो एकशे बारा शब्दांत बसवला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि एवढेच विचारले की हा रस्ता कोणाच्या नोंदवहीत आहे, शेवटचे काम कधी झाले आणि ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत कधी संपते.

उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आले. रस्ता पहिल्याच कार्यालयाचा निघाला. दुरुस्तीची मुदत संपायला अजून आठ महिने होते.

खड्डा दिवाळीच्या आधी गिट्टी आणि डांबराने भरला गेला. भरपाईचा अर्ज आम्ही केला आहे, त्याचे उत्तर यायचे आहे. मनगट जुळले, पण जाड कापड कापताना अजून दुखते म्हणते. या वर्षीच्या नववीला पत्रलेखन शिकवताना मी ‘प्रति’पासून सुरुवात केली. त्यालाच दोन तास लागले.