तेरणाकाठचे तगर आणि आपली मांजरा

बौद्ध धम्म आपल्या भागात १९५६ सालीच आला, असे अजून पुष्कळांना वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली, हे खरेच. पण ती नव्या घरची नव्हे, आपल्या जुन्या घराची वाट होती. याला पुरावा आपल्या नदीकाठीच आहे.

आपल्या देवणी भागातल्या मांजरेला निलंगा तालुक्यात तेरणा येऊन मिळते. तेरणेच्या काठाने वर गेले की धाराशिव जिल्ह्यात तेर लागते. तेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याचे लिहिले आहे. इथले साधे कापड, तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. सुताशी झुंजण्यात उभी हयात गेलेल्या आम्हां गिरणी कामगारांना हे वाचून अभिमान वाटतो. विणणाऱ्या हातांची नावे मात्र ग्रंथात नाहीत.

शहर नदीकाठीच का वाढले? काळ्या रानात कापूस, बैलांना चारापाणी, आणि मडकी-विटांना गाळाची माती. तेराव्या शतकात गोरोबाकाकांनी तुडवली ती हीच माती. याच मातीच्या विटांचे, मागून हत्तीच्या पाठीसारखे गोल असे त्रिविक्रम मंदिर तेरला आहे. ते मूळचे बौद्ध चैत्यगृह, असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. पुढे उत्खननात विटांचा स्तूपही सापडला. त्याचा पाया चाकाच्या आऱ्यांसारखा. म्हणजे धम्मचक्रच की! तिथे आज पूजा करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. आमचे म्हणणे एवढेच, की इतिहास पुरा सांगा.

हा ठेवा वाचला तो गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. शेतात, नदीकाठी सापडलेली नाणी, मणी, मातीच्या मूर्ती त्यांनी जमवल्या. आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेरला आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडेही गावोगाव पांढरीची माती उकरून नेतात. तिच्यात मोठी वीट, खापर, नाणे दिसले तर फेकू नका, विकू नका. जागा लिहून ठेवा, तहसीलला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. लेकरांना एकदा तेर दाखवा. आपला इतिहास दुसरा कोणी येऊन सांगेल, याची वाट आपण बघायची नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!