उतारवयात उमललेली सेवा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा चारशे वर्षांचा पट उलगडला, तर त्यातले टिकलेले ग्रंथ बहुधा पंचेचाळिशीच्या पुढच्या हातांनी लिहिलेले दिसतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले, तेव्हा ते सदुसष्टीच्या आसपास होते. पंडिता रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला हात घातला तो पंचेचाळिशीनंतर, आणि ते काम त्यांना मृत्यूपर्यंत पुरले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचा राजीनामा देऊन संन्यस्त जीवन पत्करले ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, तेव्हा त्या पासष्टी ओलांडत होत्या. हा योगायोग नाही, असे माझे मत आहे. तरुणपणी धर्मांतरिताला आपले वेगळेपण सिद्ध करावे लागते, आणि त्याची बरीच शक्ती त्यातच खर्च होते. ती गरज सरल्यावर त्याच्या श्रद्धेला नवी रूपे सुचू लागतात.

पहिला आक्षेप लगेच समोर येतो. बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये लिहिले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांत. मराठी कादंबरीचा इतिहास ज्या पुस्तकापासून सांगितला जातो, ते एका तरुण ख्रिस्ती लेखकाचे आहे. हे पूर्ण मान्य. विधवांच्या यातनांविषयीची त्याची कळकळ आजही वाचकाला भिडते. पण त्याची सारी रचना वादविवादाची आहे: रूढी चूक, नवा मार्ग बरोबर. तेच पदमनजी १८८८ मध्ये, सत्तावन्न वर्षांचे असताना, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र देतात, आणि त्यात ज्या घरातून ते बाहेर पडले त्या घरातला देवधर्म तपशिलाने येतो. मतांत बदल नाही, पण आता त्यांना सगळी गोष्ट सांगायला सवड आहे. माझा दावा तरुणांच्या कामाला कमी लेखण्याचा नाही. उतारवयात सेवेची जातच बदलते, एवढेच मी म्हणतो.

स्टीफन्स जन्माने इंग्रज. गोव्यात ते १५७९ मध्ये उतरले आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीपुढे गाऱ्हाणे मांडतो: जुनी पुराणे वाचायला बंदी झाली, मग आम्ही वाचायचे काय? ती बंदी दडपशाहीचा भाग होती. देवळे पाडली गेली होती, १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते, आणि स्टीफन्स त्याच सत्तेच्या छायेत काम करीत होते. हे वगळून त्यांचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. तरीही त्या गाऱ्हाण्याला त्यांनी दिलेले उत्तर पाहावे. त्यांनी युरोपातले प्रवचन मराठीत उतरवले नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली ओवी घेतली आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत मांडली. अशी भाषा दोन-चार वर्षांत येत नाही. १६०८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ते आपल्या धर्मसंघाच्या प्रमुखांना पत्र लिहून देशी लिपीच्या छपाईची मागणी करतात. ती पुरी झाली नाही, ग्रंथ रोमन लिपीत निघाला, आणि तीनच वर्षांनी, १६१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. मूळ छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांतून मात्र ओव्या वाचल्या, आणि १९०७ मध्ये मंगळूरहून त्यांची नवी आवृत्ती निघाली.

रमाबाईंचे उदाहरण माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाते, म्हणून त्यावर थांबायला हवे. त्यांनी ओवी स्वीकारली नाही, अभंग स्वीकारला नाही. उलट भाषांतरात हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द त्या कसोशीने टाळत गेल्या. मग परंपरेशी समेट कुठे? माझ्या मते तो शब्दांत शोधायचा नाही, तो कामाच्या रीतीत आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि त्या आईने रमाबाईंना. ग्रंथ समोर ठेवून एकेक पद उलगडायचे, आणि तेही ज्यांना ग्रंथ वर्ज्य मानला गेला त्यांच्यासाठी, ही त्या घराची रीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांचा संसार चालवणाऱ्या रमाबाई उतारवयात त्याच रीतीकडे वळल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, साध्या बाईला कळेल अशी मराठी घडवली, आणि छपाईचे कामही मुक्तीतल्या बायकांच्या हाती दिले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये, काम हातावेगळे करून, रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते भाषांतर मंडळ्यांमध्ये फारसे रुजले नाही, हे खरे. पण मूळ भाषांपासून संपूर्ण बायबल एका बाईने एका भारतीय भाषेत आणणे हा पराक्रम वापराच्या मोजमापात बसत नाही.

टिळकांबद्दलचा आक्षेप निराळा आहे. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात बोलावले. मे १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार मोठी संस्था होऊ शकला नाही. मग हा प्रयोग फसला म्हणायचा का? संस्था मोजायच्या असतील तर फसला. पण आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या या कवीने मिशनच्या चाकोरीत न मावणारे ख्रिस्ती संन्यासाचे रूप स्वतः जगून दाखवले. शिवाय त्यांची भजने आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘उपासना संगीत’ उघडून गायिली जातात. इथे कुणी म्हणेल की पंचावन्न हे काही म्हातारपण नव्हे. आजच्या हिशेबाने नाही. प्लेग, पटकी आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा पाहिलेल्या पिढीला मात्र पन्नाशीनंतरचे प्रत्येक वर्ष वाढीव वाटत असणार.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ही सारी असामान्य माणसे, त्यांच्यावरून सामान्य भाविकाबद्दल काय ठरवायचे? त्याचे उत्तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत. त्यांना शाळा मिळाली नव्हती. अक्षरओळख झाली ती संसाराच्या धबडग्यात. पती गेल्यानंतर त्यांनी नोकरी केली, नातवंडांचे घर सांभाळले, आणि पतीने जेमतेम सुरू करून ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेले. त्यातले साठाहून अधिक अध्याय त्यांचे आहेत. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या कुणाला काही पटवायला बसलेल्या नाहीत. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई ख्रिस्ती कशी झाली, हे त्या हसत-रडत सांगतात, आणि कुठल्याही वादग्रंथाने जिंकले नसते एवढे मराठी घर त्यांनी जिंकले. त्यांच्याच काळात गावोगाव फिरून शुभवर्तमान वाचून दाखवणाऱ्या ‘बायबल बायां’मध्ये कित्येक विधवा होत्या. त्यांची नावे ग्रंथांत नाहीत, पण काम त्याच जातीचे.

हा धागा वसईपर्यंत येतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दोन दशकांहून अधिक काळ ‘सुवार्ता’ मासिक चालवले, हरित वसईच्या लढ्यात ते उभे राहिले, आणि संपादकपद सोडल्यावर २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ दिले. २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक ख्रिस्ती धर्मगुरू बसला, तेव्हा निवडीला विरोध झाला आणि धर्माचा प्रश्न उकरला गेला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दिब्रिटोंच्या मागे स्टीफन्सपासूनची चार शतकांची मराठी उभी होती.