पुसलेला फळा आणि माझं चौथं प्रकरण

"विषय सापडलाय, पण साधनंच नाहीत, काय करू?" पीएच.डी.च्या तयारीत असलेल्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. माझीही अवस्था तीच आहे. म्हणून उपदेश करण्यापेक्षा माझ्या चौथ्या प्रकरणाची फजितीच सांगते.

माझा विषय आहे मराठी शाळांमधलं फलकलेखन. म्हणजे व्हरांड्यातल्या फळ्यावर रंगीत खडूंनी सजवलेला सुविचार, दिनविशेष, १५ ऑगस्टचा तिरंगा. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, आणि बहुतेकांनी डस्टरने पुसलंयही. अडचण इथेच आहे. शाळेचं हजेरीपत्रक उरतं, जनरल रजिस्टर उरतं; फळा उरत नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'फलकलेखन कौशल्य' असतं, त्यामुळे फळ्यावर कसं लिहावं हे पुस्तकांत सापडतं. पण अमुक शाळेच्या फळ्यावर खरोखर काय होतं, हे त्या पुस्तकांवरून सांगायला गेलात की फसलात. नियम हा व्यवहाराचा पुरावा नव्हे. माझ्या पहिल्या मसुद्यात नेमकी हीच चूक होती आणि गाइडनी समासात नुसतं एक मोठं प्रश्नचिन्ह काढून तो परत दिला.

पुसलेलं कधी कधी उरतंही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या इमर्सन हायस्कूलमध्ये २०१५ साली दुरुस्तीच्या वेळी भिंतीवरचे फळे काढले, तर त्यांच्यामागे १९१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधले फळे निघाले. त्यांच्यावर लिहिलेलं जसंच्या तसं होतं! थँक्सगिव्हिंगचं रंगीत चित्र, पाढ्यांचं चक्र. याउलट ऑक्सफर्डच्या हिस्टरी ऑफ सायन्स म्युझियममध्ये आइनस्टाइनचा फळा आहे, १६ मे १९३१ च्या व्याख्यानाचा. तो मुद्दाम जपला गेला, कारण लिहिणारा आइनस्टाइन होता. ओक्लाहोमातल्या शिक्षिकेचा फळा जपायचं कुणाच्या मनातही नव्हतं. माझ्या कामाला आइनस्टाइनच्या फळ्याचा काडीचा उपयोग नाही, दुसऱ्याचा मात्र खूप आहे. साधन टिकलं कसं, हे आधी विचारा. त्यात काय लिहिलंय ते नंतर.

आपल्याकडे असं भिंतीमागचं घबाड अजून तरी माझ्या हाती लागलेलं नाही. मोबाइल आल्यापासून कलाशिक्षक आपल्या फलकांचे फोटो टाकतात, ते ढिगाने मिळतात. त्याआधीचे म्हणजे वर्गाच्या ग्रुप फोटोत मागे चुकून आलेले फळे. त्यांच्यावर तारीख नसते. मग अक्षरांच्या वळणाकडे बघायचं. 'इतिहास'ऐवजी 'अितिहास' दिसला, तर लिहिणाऱ्यावर सावरकरांच्या लिपिसुधारणेचा प्रभाव असावा. 'किर्लोस्कर' मासिकही ती पद्धत वापरत असे. 'ल' आणि 'श' यांचीही दोन-दोन वळणं आहेत. मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचे शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ आणि १० नोव्हेंबर २०२२ चे. पण जपून! शासन निर्णय निघाला म्हणून पन्नाशीतल्या शिक्षकाचा हात वळत नाही. जुन्या वळणाचा 'ल' दिसला म्हणून फोटो जुना, असं म्हणता येत नाही.

कागद संपले तेव्हा गाइड म्हणाल्या, "स्वतः एक फळा करून बघ की." मला ते जरा पोरकट वाटलं. तरी केलं. दोन बाय तीन फुटांचं प्लायवुड, सँडपेपर, ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात. आईच्या घराच्या दाराशी लावायचा, त्यावर 'सुस्वागतम्'. मदतीला आमच्या तालुक्यातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांनी आधी अख्ख्या फळ्यावर आडवा खडू घासून तो पुसायला लावला. नाहीतर पहिल्या अक्षरांचा ठसा कायमचा बसतो. मग खडू पाण्यात बुडवला. ओल्या खडूची रेघ लिहिताना फिकी दिसते आणि वाळली की पांढरीशुभ्र उठते. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो आणि पाणी पटकन पितो. त्याचं टोक त्यांनी पायरीच्या दगडावर तिरकं घासलं, बोरूच्या कतीसारखं, आणि जाड-बारीक वळणं आपोआप येऊ लागली.

आणि मग त्यांनी एकही अक्षर काढण्याआधी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ मारली.

मी उडालेच. शाळेत आपण अक्षर काढतो आणि मग वर रेघ देतो. आधी रेघ ओढून तिला अक्षरं टांगायची, ही तर मोडीची रीत! त्या रात्री मी चौथ्या प्रकरणाचं शीर्षकही लिहून टाकलं: 'खडूतली मोडी'. सहा पानं झाली. खरं सांगते, इतकं भराभर मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

चार दिवसांनी सरांना विचारलं, "सर, तुम्ही मोडी शिकला होतात का?"

"नाही बुवा. मला वाचताही येत नाही."

"मग रेघ आधी का?"

"अगं, शाळेचा फळा आठ फुटांचा. अक्षरं काढत गेलं की ओळ खाली उतरते. दोरीला खडूची पूड लावायची, ताणायची, टिचकी मारायची. सरळ रेघ मिळते. बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, त्याचं बघून शिकलो."

सहा पानं गेली. साधा प्रश्न आधी विचारला असता तर वाचली असती. मुलाखतीआधी निष्कर्ष लिहायची खोड माझी, सरांची नाही. एक मात्र झालं. इतके दिवस मी शिक्षण खात्याची कागदपत्रं उपसत होते आणि हा धागा निघाला बाजारपेठेत, रंगाच्या डब्यांत. आता तालुक्यातले जुने पाट्या रंगवणारे शोधतेय. त्या पेंटरच्या मुलाला रविवारी भेटायचंय. त्याच्याकडे वडिलांची अक्षरांची वही आहे म्हणे. असली तर मिळेल, नसली तर पुन्हा प्रश्नचिन्ह.

फळा आईच्या दाराशी आहे. 'सुस्वागतम्'च्या खाली ती दुधाचा हिशोब लिहिते आणि महिना संपला की पुसते. पुसायच्या आधी फोटो काढून ठेव, असं मी तिला तीनदा सांगितलंय. ती विसरते.