लोकरीची कोळंबी

विलायती छंदांना आपण सहसा हसण्यावारी नेतो. दिवसभर नदीकाठी उभे राहायचे, गळाला पिसांची खोटी माशी बांधून ती पाण्यावर फेकायची, आणि मासा लागलाच तर पुष्कळदा तो पुन्हा सोडून द्यायचा. हा उद्योग आपल्याकडच्या एखाद्या भोयाला सांगितला, तर तो एवढेच विचारील, "मग संध्याकाळी खायचे काय?" परंतु याच उद्योगातील एका प्रश्नावर शहाणीसुरती माणसे पन्नास वर्षे भांडली. माशाला फसवायचेच आहे. मग कोणत्या रीतीने फसवले म्हणजे ते सभ्यपणाचे? ग्रंथ लिहून झाले, सभा झाल्या, मैत्री तुटल्या. आणि या वादाला अखेर मुकाट्याने उत्तर दिले ते मोजे रफू करायच्या लोकरीने.

दक्षिण इंग्लंडात खडूचे डोंगर आहेत. पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि सावकाश झिरपत झऱ्यांवाटे नदीला मिळते. त्यामुळे हँपशरमधील टेस्ट व इचेन, विल्टशरमधील एव्हन या नद्यांचे पाणी उन्हाळ्यातही गार आणि इतके नितळ, की तळचा गोटा न् गोटा काठावरून दिसावा. ट्राउट माशांचे हे माहेरच. या नद्यांचे काठ जमीनदारांच्या आणि श्रीमंत मंडळांच्या मालकीचे. तेव्हा तेथे गळ कसा टाकावा, याचे कायदेही त्यांचेच.

या कायद्यांचा स्मृतिकार म्हणजे फ्रेडरिक हॅलफर्ड. १८८६ मध्ये त्याचा तरंगत्या माश्यांवरील ग्रंथ निघाला आणि थोड्याच वर्षांत तो प्रमाण होऊन बसला. मासा पृष्ठभागावर येऊन माशी टिपताना दिसला पाहिजे. त्याच्याच पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, कोरडी तरंगती माशी अलगद उतरली पाहिजे. आणि ती त्या घटकेला पाण्यावर असलेल्या खऱ्या माशीसारखीच हवी. बाकी सारे गावंढळ. हॅलफर्ड १९१४ मध्ये वारला. पण गुरूपेक्षा शिष्य कडवे, हा सर्व संप्रदायांचा नियम येथेही खरा ठरला.

त्याविरुद्ध उठला तो जी. ई. एम. स्क्यूज नावाचा लंडनचा एक वकील. १८८३ पासून तो इचेन नदीवर जात असे. वकिलाला पुरावा लागतो. पकडलेल्या माशाच्या पोटातील ऐवज तो एका लांबट चमच्याने काढी, बशीत पाण्यात पसरी आणि निरखून पाही. तरंगत्या माश्या त्यात थोड्या, पाण्याखालचे किडेच फार! ट्राउट आपले पुष्कळसे जेवण खालीच उरकतो, तर आपणही खालीच का वाढू नये? १९१० मध्ये त्याने हे ग्रंथरूपाने मांडले आणि माशीची बाल्यावस्था असलेल्या किड्याच्या प्रतिकृती बांधल्या. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर जाहीर वाद झाला. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. त्याच साली पंचावन्न वर्षांची ती नदी त्याने सोडली; बरोबरीच्या सभासदांना त्याची रीत खपत नव्हती.

तरीही स्क्यूजच्या किड्याला एक सबब होती. तो आज पाण्याखाली असला, तरी उद्या पंख फुटून माशीच होणार होता. कोळंबीला तेवढीही सबब नाही. ती जन्मात उडायची नाही. या नद्यांत जिला कोळंबी म्हणतात, ती खऱ्या कोळंबीची दूरची नातलग; बोटाच्या पेराहून लहान, पाठीत वाकलेली, आडवी पडून पोहणारी. पाणवनस्पतींत आणि दगडांखाली ती अगणित असते, आणि ट्राउटच्या मांसाला जो गुलाबी रंग चढतो तो बराचसा अशा खाद्यातूनच येतो. काही कोळंब्यांच्या अंगावर नारिंगी ठिपका दिसतो. तो एका कृमीचा. त्याला पुढचे आयुष्य माशाच्या आतड्यात काढायचे असते, म्हणून तो कोळंबीची बुद्धीच फिरवतो. एरवी अंधारात दडणारी कोळंबी उजेडाकडे धावते आणि आयती माशाच्या तोंडी पडते. क्लबात सभ्य फसवणुकीचे नियम ठरत होते, त्याआधी कितीतरी युगे नदीच्या तळाशी ही फसवणूक बिनबोभाट चालू होती.

तो तळ रोज पाहणारा माणूस क्लबाचा सभासद नव्हता. फ्रँक सॉयर १९०६ मध्ये एव्हनकाठच्या बुलफर्ड गावी जन्मला आणि १९२८ पासून लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाने राखलेल्या पाण्याचा पगारी राखणदार झाला. गाळ काढणे, वनस्पती कापणे, माशांची पिल्ले वाढवणे, हे त्याचे काम. त्याने जी प्रतिकृती बांधली तिच्यात ना पीस, ना रेशीम. गळावर बारीक तार गुंडाळून वजन आणायचे, तिच्यावर लोकरीचे पदर चढवायचे आणि तारेनेच शेवट बांधायचा. झाली कोळंबी! पाय नाहीत, डोळे नाहीत. चॅडविक कंपनीची ४७७ क्रमांकाची रफूची लोकर त्याने निवडली, कारण गुलाबी झाक असलेला तिचा मळकट रंग भिजल्यावर जिवंत दिसे. माशाच्या तोंडापुढे ती किंचित वर उचलली, की पळू पाहणारा जीव समजून तो झडप घाली.

हे चालू कसे दिले गेले? सॉयरने ही कोळंबी मुळात ट्राउटसाठी बांधलीच नव्हती. ती ग्रेलिंगसाठी होती. ग्रेलिंगही त्याच कुळातला मासा. पण ट्राउटच्या अन्नात वाटेकरी होतो, म्हणून नको असलेला. त्याला नदीतून कमी करणे हे राखणदाराचे कर्तव्यच होते. म्हणजे सभ्यतेचे सारे नियम मानकरी माशापुरते होते, उपऱ्याला कसेही मारावे! हे वाचून आपण विलायतेला हसू नये. आपल्या गावच्या पाणवठ्यावरही नियम माणूस पाहूनच बदलत आले आहेत.

कोळंबीच्या दुसऱ्या एका घराण्याचा धागा मात्र थेट आपल्या सह्याद्रीला येऊन मिळतो. आयर्लंडात सालमन माशासाठी पॅट करीने बांधलेली तांबडी कोळंबी प्रसिद्ध आहे. तिच्या बाजूंना लागतात ती राखी रानकोंबड्याच्या मानेची, मेणाचा थेंब पडल्यासारख्या चकचकीत ठिपक्यांची पिसे. या पिसांपायी आपल्या रानांतले किती कोंबडे गेले असतील! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय मिळाले, आणि आता तिकडचे कारागीर पाळून वाढवलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर भागवतात. सॉयरच्या कोळंबीपायी निदान कोणाची मान कापली गेली नाही.

सॉयरचा ग्रंथ १९५८ मध्ये आला. १९८० मध्ये तो नदीकाठीच वारला. पण कथा तेथे संपत नाही. १९६० नंतरच्या दशकात ती लोकर निघेनाशी झाली आणि तिचे उरलेले पुठ्ठे शौकीन लोक भारी किमतीला घेऊ लागले. दुसऱ्या कोणत्याही लोकरीने खरी कोळंबी होणे नाही, अशी श्रद्धा रूढ झाली. ज्याने हाताशी होते ते उचलून मासा काय खातो एवढेच पाहिले, त्याच्या लोकरीचेच सोवळे झाले! हॅलफर्डला हरवता येते. माणसातल्या हॅलफर्डला हरवणे कठीण. एव्हनचा मासा मात्र पूर्वीसारखाच निर्विकार आहे. समोरून वाहत येणारे खाण्याजोगे दिसते की नाही, एवढेच तो बघतो. पुठ्ठ्यावरचा क्रमांक त्याला वाचता येत नाही.