बंधुमंडळाची थैली

ता. २३ एप्रिल १८३३ रोजीं पॅरिस येथें सात जणांनीं संत व्हिन्सेंट दि पॉल मंडळ स्थापिलें. त्यांतील फ्रेडरिक ओझानाम त्याच दिवशीं २० वर्षांचे झाले. सभेंत थैली फिरे. कोणीं किती घातलें तें कोणास कळत नसे. जमलेलें द्रव्य सांठवूं नये, गरिबांच्या घरीं पोंचवावें, हा नियम आजही आहे.

सिडकोनें १९७० पासून वसविलेल्या आमच्या नवी मुंबईंतही मजुराचें दुखणें वार्षिक जमाखर्चाची वाट पाहत नाहीं. आयकराच्या सवलतीसाठीं धर्मादाय संस्थेस उत्पन्नापैकीं शेंकडा ८५ सामान्यतः त्याच वर्षीं सत्कार्यीं लावावे लागतात. १५ राखतां येतात. ती मुभा होय, पुण्य नव्हे. अडीनडीपुरती शिल्लक असावी. परंतु ती वाढत असतां गरजू रिक्तहस्तें परतला, तर तो हिशेब आम्ही बरोबर मानीत नाहीं.